तीनास दोन

बाजाराला दुपारी बारानंतर जावं.
हे मला कुणी शिकवलं नाही, उन्हानं शिकवलं.
मालवणच्या सोमवारात घाटावरची कोथिंबीर
साडेबारापर्यंत मान टाकते,
तिच्यामागोमाग भावही.
तीन जुड्या वीसला. चौथीसाठी मी नुसती उभी राहते,
मागत नाही. देतो तो. कंटाळून देतो.

टोमॅटो चढले तर आमसुलं. आमसुलं घरची.
नारळ विकत आणायचा नाही, हा जुना नियम;
तो वानरांनी मोडला.
आता घ्यावा लागला तर एकच,
कानाशी धरून, हलवून, पाणी ऐकून.
बांगडा उतरला त्या दिवशी बांगडा,
नाहीतर सुका जवळा, कांदा जास्त.
कांदाही भडकला असेल
तर ह्यांना सांगते, आज संकष्टी.
हे कॅलेंडर बघत नाहीत.

तांदळाचं पोतं महिन्याला एक, कुडाळहून,
टेम्पोवाल्या बाबलच्या ओळखीनं.
किलोमागे सहा रुपये सुटतात.
एकटीला झेपत नाही, म्हणून मी आणि रझियाभाभी.
तिच्या पडवीत चटई, चटईवर पोतं,
आणि पितळेचं मापटं, एका बाजूला चेपलेलं.
दोघींनाही सारखंच चेपलेलं,
म्हणून भांडण नाही.
आम्ही तिघं. ती आणि तिची सासू, दोघी.
तीन मापटी माझ्या डब्यात, दोन तिच्या.
तेलही तसंच, तीनास दोन.
तेलाच्या डब्याबरोबर फुकट आलेला स्टीलचा चमचा मात्र
वाटता येईना.
तो एक महिना इकडे, एक महिना तिकडे.
पाच वर्षं गडगा ओलांडतोय.

वाचलेले पैसे मी वहीत लाल शाईनं लिहिते.
बावीस. सदतीस.
एकदा चौऱ्याण्णव.
त्या दिवशी खुशीत रिक्षा केली,
चौऱ्याण्णवचे चव्वेचाळीस झाले.

मग शमिका मिरजेला गेली, नर्सिंगला.
पुढच्या सोमवारी हिशोब मांडला:
तीनशे अठरा वाचले.
काहीच न करता.
दोनदा बेरीज केली. पिशवी पालथी घालून बघितली,
काही राहिलं का दुकानात.
राहिलं नव्हतं. खारी नव्हती.
रात्री अकराला शिजणाऱ्या शेवयांची पाकिटं नव्हती,
ते पातेलं सकाळी मलाच घासावं लागायचं.
शाम्पूच्या पुड्या नव्हत्या.
दही नव्हतं. दही आमच्यात ती एकटीच खायची,
साखर घालून, माशांच्या कालवणाशेजारी,
आणि हे दर वेळी ताटावरून म्हणायचे,
मासे नि दही, शिव शिव.

एवढी काटकसर मला जन्मात जमली नव्हती.
लाल पेन उघडलं
आणि तसंच टोपण लावलं.

महिनाअखेर पोतं आलं.
भाभी मोजायला बसली.
आता निम्मंनिम्मं, असं मी म्हणणार होते.
म्हटलं की नुसतं ओठांपर्यंत आलं, ठाऊक नाही.
एक माझ्याकडे. दोन.
तिसरं मापटं तिनं भरलं,
वरचा डोंगर नेहमीसारखा हातानं सपाट न करता
तसाच ओतला माझ्या डब्यात.
"दिवाळीक येतली मां?" म्हणाली,
"मेसचा खाऊन येतली. भूक घेऊन येतली."
तिची सासू आतून खोकली.
मी पाचातल्या तीन वाट्यांचे पैसे पुढे केले.
भाभीनं मोजले नाहीत,
पोत्याची सुतळी गुंडाळून ठेवली,
तीही लागते कशाला तरी.

चमचा ह्या महिन्यात माझ्याकडे आहे.
काल रात्री त्याच चमच्यानं विरजण लावलं,
एक वाटीच.
कुणी खाल्लं नाही तर उद्या कढी.
कढीला नारळ लागत नाही.